उंबरठ्यावरचा बुक्का

न्यायकळेची पहिली चाचणी झाली, तेव्हा पिस्तुलासमोर आरोपी म्हणून बसला होता एक लालबुंद भोपळा.

चंद्रावरच्या सौहार्द तळावर, भारत-कक्षाच्या प्रयोगशाळेत, डॉ. रेवती खांबेटेने त्या भोपळ्यावर पिस्तूल रोखलं आणि सगळा जोर लावून चाप ओढला. काहीच झालं नाही. चाप भिंतीत चिणलेल्या खिळ्यासारखा जागच्या जागी.

“बघितलंस? मला भोपळ्याची भीती वाटत नाही, म्हणून कळ उघडत नाही.”

“भोपळ्याची नाही वाटत गं ताई. सासूबाईंची वाटत असती तर?” खुर्चीत मांडी घालून बसलेली नसरीन म्हणाली.

नसरीन मुजावर मूळची मिरजेची. आंतरराष्ट्रीय कायद्यात तिचा हात धरणारं तळावर कोणी नव्हतं. पाच देशांचे पाच कक्ष एकमेकांना जोडून हा तळ उभा राहिला, तेव्हा त्याच्या करारातली निम्मी कलमं तिनेच लिहिली होती. ज्या देशाने जो कक्ष बांधला, त्या देशाचा कायदा त्या कक्षात. दोन कक्षांच्या मध्ये एक जाडजूड झडप. झडप ओलांडली की देश बदलला. भारत-कक्षातली माणसं त्या झडपेला उंबरठा म्हणत आणि सणावाराला तिथे रांगोळीची चिकटपट्टी लावत.

हे सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, पण पिस्तुलांपाशी घोडं अडलं. अमेरिकेचं म्हणणं, आमच्या माणसाचा शस्त्र बाळगायचा हक्क आभाळापर्यंत येऊन संपत नाही. जपान म्हणे, आमच्या कक्षात पिस्तूल येताच कामा नये. भारतानेही तीच री ओढली. बरीच ओढाताण होऊन शेवटी तोड निघाली ती अशी: अमेरिका-कक्षात पिस्तूल बाळगावं, पण त्यातली गोळी कक्षाची भिंत न भेदणारी, मऊ असावी, आणि चापावर न्यायकळ बसवलेली असावी. जिथे कायदा मारायची मुभा देतो तिथेच चाप हलेल, एरवी नाही. ही कळ घडवायचं काम आलं रेवतीकडे. चाचणीपुरतं एक कोरं पिस्तूल खास परवानगीने तिच्या प्रयोगशाळेत आलं होतं.

“आता मला नीट समजावून सांग,” रेवती म्हणाली. “माणूस तोच, हल्लेखोर तोच. कक्ष बदलला की काय बदलतं?”

“सगळंच.” नसरीन बोटांवर मोजू लागली. “जपानच्या बाजूला त्याच्या हातात पिस्तूल असणारच नाही, तिथे विषय संपला. आपल्याकडे स्वतःला वाचवायचा हक्क आहे, पण पोलिसांना बोलवायला सवड असेल तर नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक. काही ठिकाणी म्हणतात, सुखरूप मागं सरता येत असेल तर आधी सर. काही ठिकाणी म्हणतात, तू तुझ्या हक्काच्या जागी उभा आहेस ना? मग एक पाऊलही मागं घेऊ नकोस. आणि स्वतःच्या घराचा उंबरठा असेल तर कायदा आणखी हळवा होतो. त्यांनी आपल्या कक्षाला हा मागं न सरण्याचा कायदा लावून घेतलाय.”

“आणि घर म्हणजे?”

“झोपतात तिथं ती माणसं. अख्खा कक्ष घर.”

रेवतीने मान डोलावली. पिस्तूल कमरेला असो की हातात, मुठीवरच्या बारीक डोळ्याने समोरचं पाहून तिची कळ चार प्रश्न विचारायची. हल्ला आहे का? आत्ता, या क्षणी आहे का? मागे सरता येतं का? आणि उत्तर प्रमाणात आहे का? कोणत्या प्रश्नाला किती वजन द्यायचं, हे पायाखालची जमीन ठरवायची. शिवाय मनगटाला एक भीतीमापक. नाडी, घाम, बुबुळं आणि श्वास पाहून तो सांगायचा की भीती खरी आहे की सोंग आहे. रागाने थरथरणाऱ्या माणसाला कळ दाद देत नसे. खुनशी माणसाच्या हातात ते पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड. चारही उत्तरं जुळली की मुठीवर एक हिरवा ठिपका पेटायचा आणि चाप मोकळा व्हायचा.

“एक सांग ताई,” नसरीन पुढे वाकली. “पिस्तूल त्यांच्या कक्षात आणि समोरचा माणूस आपल्या कक्षात असेल तर? गोळी सुटते तिथला कायदा, का लागते तिथला?”

रेवतीने पिस्तूल टेबलावर ठेवलं. “सुटते तिथला. ज्याच्या हातात पिस्तूल, त्याच्या पायाखालची जमीन. कुठेतरी रेघ मारायलाच हवी ना.”

“मार बाई. तसंच लिहिते करारात. आणि वाजवी भीती म्हणजे काय, ते तुझं यंत्र कुणाला विचारणार?”

“आधी मोजून बघणार. मग निवाडे येतील तसं शिकणार. अमुक कृती पाहून भिणं वाजवीच होतं, असं न्यायाधीशांनी एकदा म्हटलं की त्या कक्षातली प्रत्येक कळ तो निवाडा आपोआप उचलते. पुढच्या वेळी तशी कृती दिसली की भीती मोजत बसत नाही, लगेच उघडते. मग भीती स्वतःची असो की शेजारच्याला वाचवायची.”

“आणि निवाडाच चुकला असला तर?”

“पुढचा खटला दुरुस्त करेल. कायदा असाच शिकतो, हे तूच तर मला शिकवलंस.”

एवढ्यात दार सरकलं आणि दामोदर आत आला. रेवतीचा नवरा. तळाच्या हरितगृहाचा प्रमुख, वनस्पतींचा डॉक्टर. पण तळावर त्याला कोणी डॉक्टर म्हणत नसे. दर एकादशीला तो भोजनकक्षात कीर्तन करी, म्हणून सगळ्यांचा तो बुवा. तीन पिढ्यांची नारदीय कीर्तनाची गादी, ती याने चंद्रावर आणून मांडली होती. चंद्रावर बसून चंद्राची तिथी कशी पाळता हो, असं कोणी चिडवलं की तो म्हणे, “आपण ज्याच्या कडेवर बसलोय त्याचं तोंड आपल्याला दिसत नाही. खालच्यांना विचारायचं.”

“झाली का सुनावणी?” त्याने विचारलं. “आरोपीची सुटका करा. दुपारी भाजी व्हायची आहे त्याची.”

“निर्दोष सुटलाय,” नसरीन म्हणाली. “न्या घरी.”

दामोदरने भोपळा काखोटीला मारला. जाता जाता तो दारात थबकला. “रेवती, तुझी ही कळ भ्यालेल्याच्या हातातच चालते म्हणतेस. मग जो भीतच नाही त्याचं काय?”

“त्याची नाही उघडणार.”

“म्हणजे जो जास्त भितो, त्याच्या हातात जास्त अधिकार.” तो हसला. “बरं झालं बाई, मला शस्त्र घ्यायची हौस नाही.”

तो गेला. रेवतीने खांदे उडवले आणि पुढच्या चाचणीला लागली.

कळ चालली. चालली म्हणजे काय, दृष्ट लागावी अशी चालली. दोन वर्षं अमेरिका-कक्षात एक गोळी सुटली नाही. दारूच्या भरात कोणी पिस्तूल उपसलं, बायकोवर संतापून कोणी चाप दाबला. कळ मुकीच राहिली. पृथ्वीवरून अभिनंदनाचे संदेश आले. देशादेशांत कायदे वेगवेगळे असूनही माणसं एका छताखाली राहू शकतात, याचा दाखला म्हणून लोक रेवतीचं नाव घेऊ लागले.

मग ती एकादशी आली.

भोजनकक्ष उंबरठ्याला लागूनच होता. टेबलं बाजूला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या. पेटीवर नसरीन. मिरजेची असून पेटी येत नाही म्हणाले तर गावात घेणार नाहीत मला, असं ती म्हणायची. तबल्यावर खाणीतला शंभू पाटोळे. आणि मधोमध चिपळ्या घेऊन दामोदर, धोतर-उपरण्यात. चंद्राच्या हलक्या ओढीत धोतराचा सोगा खाली राहायलाच तयार नसे, म्हणून त्याने सोग्याला वजनाच्या चकत्या शिवून घेतल्या होत्या. बायका पदराआड हसत, आणि तोही हसून घेई.

झडप उघडी होती. तिच्या पलीकडे, अमेरिका-कक्षाच्या बाजूला, एक उंच, खांदे पाडलेला माणूस उभा होता. कानात अनुवादिका, कमरेला पिस्तूल. एमेट डूली. खाणीतला सुरुंगवाला. दामोदर त्याला हरितगृहातले टोमॅटो पोचवायचा आणि वर कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायचा. त्यातून ओळख झाली. आज दामोदरनेच त्याला आग्रहाने बोलावलं होतं.

“आत ये की रे,” दामोदर चिपळ्या वाजवता वाजवता म्हणाला.

एमेटने कमरेकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. पिस्तुलासकट भारत-कक्षात येता येत नव्हतं, आणि पिस्तूल काढून ठेवणं त्याच्याच्याने होत नव्हतं. का होत नव्हतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मागे खाणीत दोन टोळ्यांची मारामारी झाली. कोणीतरी मूठभर चांद्रधूळ समोरच्याच्या तोंडावर फेकली. ही धूळ पृथ्वीवरच्या मातीसारखी नव्हे. वाऱ्याने, पाण्याने ती कधी घासलेली नाही. कणाकणाला काचेची धार. एमेटच्या जोडीदाराचे दोन्ही डोळे गेले, छाती आतून चिरली गेली, आणि तो एमेटच्या मांडीवर डोकं ठेवून तडफडून मेला. तेव्हापासून हा माणूस आंघोळीलाही पिस्तूल घेऊन जातो, असं म्हणत.

“बरं, तिथून ऐक,” दामोदर म्हणाला. “शब्दाला झडप लागत नाही.”

पूर्वरंगात त्याने भय हा विषय घेतला. लहान लेकरू अंधारात का रडतं? अंधारात काही असतं म्हणून नव्हे, आई दिसत नाही म्हणून. मोठेपणी आपण अंधार बदलतो, रडणं तेच. कोणी पैशाला आई समजतो, कोणी कुलपाला, कोणी हत्याराला. त्याचा आवाज चढत गेला, नसरीनची बोटं पेटीवर धावू लागली, शंभूने लग्गी लावली. रेवती मागे भिंतीला टेकून बसली होती. डोळे भरून येत होते, नेहमीसारखे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस गायला लागला की तिला तो परका आणि फार मोठा वाटे.

पूर्वरंग संपताना त्याने पुढच्या आख्यानाची चाहूल दिली. “एका गावात एक साधू होता. एका रात्री त्याच्या झोपडीत चोर शिरला. हातात सुरा. साधू जागा झाला. चोरानं सुरा उगारला. साधूपाशी ना काठी, ना कुत्रं, ना शेजार. आता साधूनं काय केलं?” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग उंबरठ्यापलीकडच्या एमेटकडे पाहून डोळे मिचकावले. “ते उत्तररंगात!”

सगळे हसले. एमेटही हसला. हे आख्यान कुठल्या पोथीतलं, हे रेवतीला माहीत नव्हतं. दामोदर पुष्कळदा आदल्या दिवशी रोपांना पाणी घालता घालता गोष्ट रचायचा, आणि शेवट तिलाही सांगायचा नाही. तुझं तोंड बघून मला कळायला हवं ना जमलंय की नाही, म्हणायचा.

नामाचा गजर सुरू झाला. कोणी बुवांच्या गळ्यात हरितगृहातल्या झेंडूची माळ घातली, कोणी त्याच्या कपाळी बुक्का लावला. मग रिवाजाप्रमाणे दामोदरने बुक्क्याची डबी घेतली. तुळशीच्या वाळल्या काड्या भट्टीत जाळून, त्यात कापूर आणि नागरमोथा घालून हा काळा सुगंधी बुक्का तो स्वतः करायचा. एकेकाच्या कपाळी बोट टेकवत तो निघाला. नसरीनच्या, शंभूच्या, रेवतीच्या. रेवतीच्या कपाळावर ते बोट क्षणभर जास्त रेंगाळलं.

आणि मग त्याची नजर उंबरठ्याकडे गेली. माणूस कीर्तनाला आला आणि कोऱ्या कपाळाने गेला, असं त्याच्या तीन पिढ्यांत झालं नव्हतं. बोलावून आणलेला पाहुणा तर नाहीच नाही. गजराच्या तालावर, नाचत, तो झडपेपाशी पोचला. एमेटचे डोळे मिटलेले होते. दामोदरने चिमूटभर बुक्का घेऊन हात उंबरठ्यापलीकडे लांब केला.

एमेटने डोळे उघडले. तोंडासमोर एक मूठ. मुठीत काळी भुकटी.

हिरवा ठिपका पेटलेला रेवतीला दिसला. तिच्या सगळ्या आयुष्यात तिने इतकी सुबक, इतकी वेळेवर चाललेली कळ पाहिली नव्हती.

चंद्रावर माणूस सावकाश पडतो. दामोदर सावकाश पडला. त्याच्या डबीतला बुक्का हवेत उधळला आणि काळ्या धुक्यासारखा हळूहळू त्याच्यावर उतरत राहिला. सोग्याला शिवलेल्या चकत्या आधी जमिनीला लागल्या. त्यांचा बारीक टणत्कार सगळ्यांनी ऐकला, कारण तोवर पेटी थांबली होती.

एमेटने पिस्तूल टाकून दिलं आणि तो उंबरठ्यावर गुडघे टेकून ओरडू लागला. कापराचा वास त्याच्या नाकात गेला होता. धुळीला कापराचा वास नसतो, हे त्याला कळलं होतं.

सुनावणी अमेरिका-कक्षात होती. मामला अगदी साधा झाला होता. गोळी ज्या बाजूने सुटली तिथला कायदा, हे करारात होतंच. उरला एकच प्रश्न: कळ बरोबर चालली की बिघडली? बिघडली असेल तर एमेट खुनी, उरलेलं आयुष्य कैदेत. बरोबर चालली असेल तर त्याची भीती वाजवी, आणि तो मोकळा. हे सांगू शकणारं माणूस सगळ्या तळावर एकच.

“तुम्ही बिघडली म्हणा,” शंभू म्हणाला. तो रेवतीच्या खोलीत भिंतीशी उभा होता, डोळे लाल. “वहिनी, कोण तपासणार आहे तुम्हाला? बुवांना मारून तो टोमॅटो खाणार का?”

नसरीन दाराशी बसली होती. रेवतीने तिच्याकडे पाहिलं. “तू काय म्हणतेस?”

“वकील म्हणून विचारतेस का...”

“नसरीन.”

“मला नाही माहीत गं ताई,” नसरीन म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

रेवतीने भीतीमापकाची नोंद पडद्यावर लावली. पुन्हा पुन्हा पाहिली. कीर्तनभर एमेटच्या भीतीची रेघ खाली खाली उतरत गेली होती. गजरापर्यंत ती जवळजवळ जमिनीला टेकली होती. पिस्तूल घ्यायला लागल्यापासून त्याच्या आयुष्यात ती इतकी खाली कधी आली नव्हती. आणि मग एकदम, कड्यासारखी उभी, थेट माथ्यापर्यंत. त्या क्षणी तो भोजनकक्षात नव्हता. तो खाणीत होता, मांडीवर जोडीदाराचं डोकं घेऊन. सोंगाचा मागमूस नव्हता. द्वेषाचाही नव्हता.

कळ बरोबर चालली होती.

ती रात्रभर रडली नाही. सकाळी तिने दामोदरचं उपरणं नाकाशी धरलं, आणि मग मात्र रडली. त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे तिला इतकं ठाऊक होतं की विचारायचीही गरज नव्हती. खरं बोल, आणि त्या पोराला सोड. एरवी आयुष्यात खरं एकीकडे ओढतं आणि दया दुसरीकडे. इथे दोन्ही एकाच दारातून आत जात होती. देवाने निदान एवढी तरी सोय ठेवली, असं तिला वाटलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात ती शांतपणे बोलली. भुकटी काळी होती, हात चेहऱ्याकडे आला होता, हात उंबरठ्याच्या आत आला होता. त्या क्षणी या माणसाला भीती वाटणं खरं होतं. कळेत दोष नाही.

न्यायाधीशबाई वयस्कर होत्या. त्यांचेही डोळे ओले होते. त्यांनी निवाडा वाचला: काळी भुकटी घेतलेला हात, उंबरठा ओलांडून चेहऱ्याकडे येताना दिसला, तर या कक्षात उभ्या असलेल्या माणसाने प्राणांतिक हल्ल्याची भीती बाळगणं वाजवी आहे. एमेट डूली मुक्त.

बाहेर पडताना एमेट रेवतीसमोर उभा राहिला. त्याला माफी मागायची असावी, पण तोंडातून निघालं ते भलतंच. अनुवादिकेतून तिच्या कानात शब्द आले, “बाई, त्या साधूनं काय केलं? चोरानं सुरा उगारल्यावर? मला झोप लागत नाही. मला तेवढं सांगा.”

“मला माहीत नाही रे,” रेवती म्हणाली. “त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.”

मधली एकादशी सुनीच गेली. पुढची आली तेव्हाही कीर्तन होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. पण रेवतीने सतरंज्या अंथरल्या. बुवांचं आख्यान अर्धवट राहिलं आहे, आणि अर्धवट आख्यान ठेवून गादी उठत नाही, एवढंच ती म्हणाली. तिला कीर्तन येत नव्हतं. तिने फक्त दामोदरच्या चिपळ्या हातात घेतल्या आणि उभी राहिली. नसरीन पेटीशी बसली, शंभू नाखुशीने तबल्याशी.

एमेट आला. कमरेला काही नव्हतं. त्या दिवसापासून त्याने पिस्तुलाला हात लावला नव्हता. यावेळी तो उंबरठा ओलांडून आत आला, आणि झडपेला पाठ करून, अवघडून उभा राहिला. त्याच्यासोबत खाणीतले त्याचे चौघे-पाचजण आले होते. मेलेल्या बुवाची माणसं आपल्या दोस्ताला काही करतील की काय, या काळजीने आलेले. त्यांच्या कमरेला पिस्तुलं होती, म्हणून ते झडपेपलीकडेच थांबले.

“गोष्ट माझ्या मालकांची,” रेवतीने सुरुवात केली. “शेवट त्यांनी सांगितला नाही. मी महिनाभर विचार केला. चोरानं सुरा उगारला. साधू काय करणार? पळायला दुसरं दार नाही. ओरडावं तर ऐकायला कोणी नाही. साधूनं चोराकडे पाहिलं. आणि त्याला दिसलं की चोर घाबरलाय.” तिने श्वास घेतला. “मग साधूनं कोनाड्यातली डबी काढली. म्हणाला, बाळा, माझ्याकडे येणारा कोऱ्या कपाळानं जात नाही.”

पेटीचा सूर नुसताच धरलेला होता. शंभूने मान खाली घातली होती. एमेटने अनुवाद ऐकला, समजला, आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

रेवतीने डबी उघडली. चिमूटभर बुक्का घेतला. हात वर उचलला.

झडपेपलीकडे एक हिरवा ठिपका पेटला. मग दुसरा. मग सगळे.

त्या माणसांनी पिस्तुलांना हात लावला नव्हता. त्यांना काही वाटतही नव्हतं. एकाने तर दचकून आपल्याच कमरेकडे पाहिलं. पण मग ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. कळ उघडली म्हणजे कायद्याला धोका दिसतोय, असंच त्यांना आजवर शिकवलेलं. त्यांनी रेवतीच्या हाताकडे पाहिलं. हातातल्या काळ्या भुकटीकडे पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यांवर, अगदी हळूहळू, भीती आली.

रेवतीने हात खाली घेतला. ठिपके विझले.

ती शास्त्रज्ञ होती. तिने हात पुन्हा उचलला. ठिपके पेटले. एकाचा हात कमरेशी गेला.

“ताई.” नसरीनचा आवाज पेटीमागून आला, अनुवादिकेलाही ऐकू जाणार नाही इतका दबका. “हात खाली घे.”

“मी तर आपल्या बाजूला उभी आहे. उंबरठ्याच्या आत,” रेवतीही कुजबुजली.

“ते पलीकडे उभे आहेत. सुटते तिथला कायदा.”

“निवाड्यात उंबरठा ओलांडून असं म्हटलं होतं.”

“एमेट त्यांचा. आपला माणूस वाचवताना उंबरठा आडवा येत नाही. कळेनं निवाडा उचललाय ताई. काळी भुकटी, हात, चेहरा. आता भीती मोजत नाही ती.” नसरीनने झडपेकडे पाहिलं. “तुझ्याच साक्षीवर.”

रेवतीच्या बोटांतून बुक्का थोडा गळला. “मग काढ तो निवाडा. अपील कर.”

“सरकार पक्षानं केलं नाही. मुदत गेली.”

“दुसरा काही मार्ग असेल.”

“एकच. नवा खटला. तसंच पुन्हा घडायला हवं आणि या वेळी न्यायाधीशांनी म्हणायला हवं की भीती वाजवी नव्हती.”

“तसंच पुन्हा म्हणजे...”

नसरीन फक्त रेवतीच्या हातातल्या डबीकडे बघत राहिली.

रेवतीने विचार केला. तिचं डोकं अजूनही नीट चालत होतं, आणि त्याचाच तिला वीट आला. ती मेली, तर मारणाऱ्याची भीती या वेळी आणखी खरी असेल, कारण कळेनेच त्याला भिववलं होतं. भीतीमापकाची रेघ पुन्हा कड्यासारखी उभी राहील. कोणीतरी प्रामाणिक माणूस पिंजऱ्यात उभं राहून सांगेल, कळेत दोष नाही. आणि न्यायाधीशबाई ओल्या डोळ्यांनी तोच निवाडा पुन्हा वाचतील, आता आधीच्या निवाड्याचा आधार घेऊन. दुरुस्त व्हायचं म्हणून जे दार तिने ठेवलं होतं, ते आतल्याच बाजूला उघडत होतं.

तिने डबीचं झाकण लावलं. पलीकडचे ठिपके एकेक करून विझले. माणसांनी श्वास सोडला. त्यातला एक तिच्याकडे बघून ओशाळं हसला, जणू काही वाईट घडता घडता टळलं होतं.

शंभूने तबल्यावरून हात उचलून मांडीवर ठेवले. पेटीतला सूर हळूहळू बसत गेला.

एमेटला यातलं काही कळलं नव्हतं. झडपेकडे त्याची पाठ होती. डोळे घट्ट मिटून, कपाळ पुढे करून, तो अजून तसाच उभा होता.